जळालेल्या खिंडीतील हिरवी वाट

अरण्य म्हटले म्हणजे ते सृष्टीच्या आरंभापासून जेथल्या तेथे उभे असावे, असा आपला सर्वसाधारण समज असतो. घरात नवी सून आली म्हणजे तिचे माहेर, वय, शिक्षण यांची आपण आस्थेने चौकशी करतो. पण झाडांच्या गर्दीत शिरताना त्यांचे वय विचारण्याचे कोणाच्याही मनात येत नाही. म्हणूनच, ज्या अरण्याचे वय नेमके सांगता येते आणि ज्याच्या मरणाची व पुनर्जन्माची सालेही ठाऊक आहेत, अशा एका अरण्यवाटेची हकीकत आज या सदरात वाचकांपुढे ठेवावयाची आहे.

ही वाट अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी ईशान्येकडील न्यू हॅम्पशायर या संस्थानात आहे. तेथील ‘व्हाइट मौंटन्स’ नामक पर्वतराजीत ज्या अरुंद खिंडी आहेत त्यांना स्थानिक लोक ‘नॉच’ म्हणतात. कुऱ्हाडीने ओंडक्यात पाडलेल्या खाचेला हाच शब्द आहे, आणि डोंगराच्या धारेत पडलेली खाच पाहिली म्हणजे लाकूडतोड्यांच्या त्या मुलखात हे नाव का रूढ झाले, ते निराळे सांगावे लागत नाही. वस्तुतः ही खाच कुऱ्हाडीची नसून बर्फाची आहे. फार प्राचीन काळी हा सर्व प्रदेश हजारो फूट जाडीच्या बर्फाखाली गाडलेला होता. सुमारे 14,000 वर्षांपूर्वी तो बर्फ वितळून मागे हटला, तेव्हा त्याने खरवडून काढलेली दरी तळाशी रुंद व बाजूंनी उभी, अशी एखाद्या परातीसारखी उरली. झीलंड नॉच ही अशीच एक खिंड होय.

बोस्टनहून मोटारीने तीनएक तासांत तेथे जाता येते. आमचे पुतणे त्या शहरी नोकरीनिमित्त असतात. गेल्या सप्टेंबरच्या अखेरीस ते, सूनबाई, त्यांची नऊ वर्षांची कन्या, आमच्या वडील भगिनी अक्का आणि आम्ही, अशी पाच माणसे या वाटेने गेलो. अक्कांनी नुकतीच सत्तरी ओलांडली आहे. त्यांना डोंगरात न्यावे की नाही याविषयी घरात बरीच वाटाघाट झाली. अखेर “मी पर्वतीच्या पायऱ्या अजून चढते, तुमची खिंड काय मोठी लागून गेली!” असे म्हणून त्यांनीच निकाल दिला. पुढे त्यांचे म्हणणेच खरे ठरले. कारण मोटारीचा रस्ता संपतो तेथून खिंडीतील विश्रामगृहापर्यंतचे अंतर अवघे 2.8 मैल आहे, आणि शेवटची दगडी पायऱ्यांची चढण वगळता वाट जवळजवळ सपाट आहे.

डोंगरातली पायवाट इतकी सपाट कशी, हा प्रश्न चौकस वाचकांच्या मनात आलाच असेल. त्याचे उत्तर असे की, हिचा बराचसा भाग एका जुन्या आगगाडीचा मार्ग आहे. रूळ व स्लीपर केव्हाच गेले, परंतु रुळांसाठी बांधलेला भराव मात्र राहिला. आज त्यावर गळालेल्या पानांचा थर आहे आणि दोहों बाजूंस मेपल, भूर्ज व सूचिपर्णी वृक्ष यांची दाटी आहे. त्या दिवसांत मेपलची पाने लाल झालेली होती, भूर्जाची पिवळी, आणि त्यांच्या मागे फर व स्प्रूस यांचा गर्द हिरवा पडदा. फरच्या पानांना एक प्रकारचा राळेसारखा मंद सुगंध असतो. तो त्या थंड हवेत सबंध वाटभर दरवळत होता.

दोनएक मैल गेल्यावर झाडी विरळ होते आणि तळी लागतात. दलदलीवरून फळ्यांचे लांबच लांब पूल टाकलेले आहेत. पाण्यात आकाश, आकाशात डोंगर, आणि मध्येच वाळून गेलेली, करड्या रंगाची उभी खोडे, असा तो देखावा. ही खोडे कोणी वाळविली? ज्याने ही तळी बांधली त्यानेच. बीव्हर नावाचा हा प्राणी खार व घूस यांच्या वर्गातला, पण वजनाने वीस-पंचवीस किलो भरणारा. पुढच्या नारिंगी दातांनी तो झाड कुरतडून पाडतो. त्या दातांच्या कवचात लोहाचा अंश असल्यामुळे ते रंगाने नारिंगी आणि कामाला चिवट असतात. फांद्या, चिखल व दगड यांचा बांध घालून तो ओढा अडवितो आणि तुंबलेल्या पाण्यात काटक्यांचे घर उभारतो. घराचे दार पाण्याखाली ठेवतो, म्हणजे शत्रूला वाट सापडू नये. आणि हिवाळ्यात वर बर्फ गोठले तरी खाता यावे म्हणून फांद्यांची बेगमी पाण्यातच करून ठेवतो.

त्याच्या कुटुंबाची रचना ऐकून अक्कांना मोठी मौज वाटली. एका घरात आईबाप, यंदाची पिल्ले व गेल्या वर्षीची पिल्ले, अशी सर्व एकत्र नांदतात. दोन वर्षांचे झाले की मूल घराबाहेर पडून नवा ओढा शोधते व आपले स्वतंत्र बिऱ्हाड थाटते. “म्हणजे दोन वर्षे एकत्र आणि मग विभक्त, आपल्यापेक्षा भांडणे कमी होत असतील,” असा शेरा अक्कांनी मारला व सूनबाईंना हसू आवरेना.

या तळ्यांच्या आसपासच पाणलोटाची सीमा आहे. आपल्या घाटमाथ्यावर पडलेल्या पावसाचा एक वाटा अरबी समुद्राला व दुसरा बंगालच्या उपसागराला मिळतो, तसाच प्रकार येथेही आहे. उत्तरेच्या उताराचे पाणी झीलंड नदीतून पुढे कनेक्टिकट नदीला जाऊन मिळते. दक्षिणेचे पाणी व्हाइटवॉल ओढ्यातून पेमिगेवासेटला व पुढे मेरिमॅक नदीला मिळते. मेरिमॅकच्या काठी मँचेस्टर, लोवेल व लॉरेन्स ही कापडगिरण्यांची शहरे वसली होती. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

तळ्याच्या वरच्या अंगास, धबधब्याच्या काठी, विश्रामगृह आहे. ॲपलेचियन मौंटन क्लब या 1876 साली स्थापन झालेल्या संस्थेने ते 1932 साली बांधले. त्याच्या पायरीवर बसले म्हणजे समोर खिंड उघडते. डाव्या हाताला व्हाइटवॉल पर्वताचा उघडा कडा व त्याखाली कोसळलेल्या शिळांची रास, उजव्या हाताला उंच टेकाड, आणि मध्ये दूरवर अरण्याचा अखंड गालिचा. हा देखावा पाहून कोणासही वाटेल की, येथे मनुष्याचा हात कधी लागलाच नसेल.

परंतु वस्तुस्थिती अगदी उलट आहे. 1867 साली न्यू हॅम्पशायरच्या सरकारने पर्वतांतील आपल्या मालकीची जमीन कवडीमोलाने विकून टाकली, आणि लाकडाच्या व्यापाऱ्यांना रान मोकळे झाले. जेम्स एव्हरेल हेन्री हा त्यांतील एक बडा व्यापारी. त्याने 1884 च्या सुमारास या दरीत आगगाडी आणली आणि दरीच्या तोंडाशी लाकूड कापण्याची गिरणी, दुकान, शाळा व टपालकचेरी यांसह झीलंड नावाचे गाव वसविले. जुने स्प्रूस वृक्ष एकामागून एक पडू लागले. खोड तेवढे गाडीवर चढे. फांद्या, शेंडे व साली जागच्या जागी टाकून दिल्या जात. उन्हाळ्यात त्यांचे कोळ होई. अशा जळणाच्या राशींमधून ठिणग्या उधळीत इंजिने धावत होती. व्हावयाचे ते झाले. 1886 साली पेटलेल्या वणव्यात सुमारे 12,000 एकर प्रदेश जळून गेला. हेन्रीने आपला मुख्य कारभार 1892 साली लिंकन या गावी हलविला, 1897 च्या सुमारास येथील गाडी बंद झाली, आणि 1903 साली दुसऱ्यांदा वणवा लागून उरलेसुरलेही भस्म झाले.

वणव्यात केवळ झाडेच जळली असे नव्हे. थंड प्रदेशातील अरण्यात पाने कुजून जमिनीवर काळसर पालापाचोळ्याचा जाड थर साचतो. तो सुकला की सरपणासारखा जळतो. तसा तो जळाला, उरलेली राख पावसाने वाहून गेली, आणि कित्येक ठिकाणी नुसता खडक उघडा पडला. या खिंडीत पुन्हा अरण्य म्हणून उभे राहणार नाही, असेच पाहणाऱ्यांना त्या काळी वाटे.

पुतण्यांनी हा सारा वृत्तान्त सांगितला, तेव्हा आमची नात समोरच्या हिरव्या दरीकडे पाहत क्षणभर विचारात पडली. मग म्हणाली, “पण आजोबा, आता तर झाडे आहेत! म्हणजे तोडली, जाळली, तरी ती परत येतातच ना? मग तोडली तर काय बिघडले?”

प्रश्न मुलीचा होता, परंतु तो अज्ञानाचा नव्हता. मोठमोठे व्यापारी व मुत्सद्दी हाच प्रश्न विचारीत आले आहेत. आम्ही उत्तराची जुळवाजुळव करीत होतो, तोच अक्का म्हणाल्या, “अग, दही संपले तर पुन्हा लागते, हे खरे. पण केव्हा? वाटीत थोडे विरजण उरले असेल तर. तेही चाटूनपुसून संपविले, तर शेजारणीच्या दारात जावे लागते. आणि शेजारणीनेही संपविले असले, म्हणजे?”

वनस्पतिशास्त्राचा एक मोठा सिद्धान्त अक्कांनी स्वयंपाकघरातील भाषेत सांगितला, असे म्हटले पाहिजे. या खिंडीचे विरजण शेजारच्या न जळलेल्या डोंगरांवर शिल्लक होते. भूर्जाचे बी इतके हलके असते की, हिवाळ्यात गोठलेल्या हिमावरून ते वाऱ्याबरोबर दूरवर घसरत जाते. रानचेरीचे बी पक्ष्यांच्या पोटातून येते व मातीत कित्येक वर्षे निद्रिस्त राहून ऊन लागताच उगवते. या दोघांनी उघड्या जमिनीवर प्रथम पाय रोवला. कागदासारखी पांढरी साल सुटणारा येथला भूर्ज म्हणजे, ज्याच्या सालीवर आपल्या पूर्वजांनी पोथ्या लिहिल्या त्या हिमालयातील भूर्जाचा सख्खा भाऊबंदच होय. भूर्ज वाढले, त्यांची पाने गळून कुजली, पुन्हा थोडी माती झाली, आणि त्यांच्या सावलीत हळूहळू फर व स्प्रूस यांची रोपे उगवली. भूर्जाची कोवळी साल हे बीव्हरचे आवडते अन्न. तेव्हा भूर्जामागून तोही येऊन स्थायिक झाला. वास्तविक कातड्याच्या लोभाने त्याची शिकार इतकी झाली होती की, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यू हॅम्पशायरमधून त्याचे नाव पुसले गेले होते. विसाव्या शतकात बाहेरून आणून सोडलेल्या बीव्हरांचा वंश तेथे आज वाढला आहे.

विश्रामगृहाच्या खालून ही वाट खिंडीतून पुढे जाते. तिच्यावर सुमारे दोन मैलांवर एक धबधबा आहे, त्याला हेन्री डेव्हिड थोरो याचे नाव दिलेले आहे. याच्या 1849 सालच्या निबंधाचे वाचन महात्माजींनी दक्षिण आफ्रिकेत केले होते, एवढे आपल्यापैकी बहुतेकांस ठाऊक असते. परंतु त्याच थोरोने 1860 साली एका शेतकी मंडळापुढे व्याख्यान देऊन, एक अरण्य गेल्यावर त्या जागी दुसरे कसे उगवते, हे समजावून दिले होते. झाडे आपोआप उपजतात, असे पुष्कळांस वाटे. थोरोने दाखविले की, प्रत्येक झाडामागे एक बी असते, आणि प्रत्येक बी वारा, पाणी, पक्षी किंवा खार यांपैकी कोणीतरी आणलेले असते. म्हणजे अक्कांचे विरजणच!

पण विरजण असूनही दूध कोणी तापत ठेवले, तर दही लागणार नाही. त्याला निवांतपणा हवा. हा निवांतपणा या खिंडीला कायद्याने मिळाला, आणि त्या कायद्यामागे कोण होते, ते पाहण्यासारखे आहे. पर्यटक, चित्रकार, हॉटेलवाले व 1901 साली स्थापन झालेली न्यू हॅम्पशायरची वनरक्षक संस्था ही तर होतीच. पण त्यांच्या जोडीला मेरिमॅककाठचे गिरणीमालकही होते. डोंगर उघडे पडले, तेव्हा नदी कधी पुराने उसळू लागली तर कधी आटू लागली, आणि तिच्या पाण्यावर चालणाऱ्या गिरण्यांना त्याची झळ बसली, अशी त्यांची तक्रार होती. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाचे तत्कालीन सभापती जोसेफ कॅनन यांनी देखाव्यांसाठी सरकारी तिजोरीतून एक सेंटही देण्यास विरोध केला, हे प्रसिद्धच आहे. म्हणून कायद्याचा आधार सौंदर्य हा नव्हे, तर नौकानयनास योग्य अशा नद्यांचे रक्षण हा ठरविण्यात आला. न्यू हॅम्पशायरमध्येच जन्मलेले जॉन वीक्स यांच्या नावाने ओळखला जाणारा हा कायदा 1 मार्च 1911 रोजी अध्यक्ष टॅफ्ट यांच्या सहीने अमलात आला. त्याअन्वये सरकारने मालकांकडून मोबदला देऊन डोंगर विकत घेतले, आणि 1918 साली व्हाइट मौंटन राष्ट्रीय वनाची स्थापना झाली. आज त्याचा विस्तार सुमारे साडेसात लाख एकर आहे.

येथे आपल्याकडील इतिहासाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. मुंबई इलाख्यात डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांची वनसंरक्षक म्हणून नेमणूक 1847 सालीच झाली होती. म्हणजे वनरक्षणाची कल्पना आपणांकडे आधी आली. परंतु 1878 च्या कायद्याने राने राखीव करताना रानालगतच्या रयतेचे हक्क आवळले गेले. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात जंगलखात्यावर कोरडे ओढले ते याच काळात, आणि 1930 साली ठिकठिकाणी जंगल सत्याग्रह झाले तेही याच दुःखातून. रान राखावे हे दोन्हीकडे मान्य होते. त्याची किंमत कोणी भरावी, येथे मात्र दोन वाटा फुटल्या. एकीकडे ती सरकारी तिजोरीने भरली, दुसरीकडे मोळीविक्याने.

आता पुन्हा नातीच्या प्रश्नाकडे वळू. अरण्य परत आले, हे खरे. पण सगळे परत आले काय? याच पर्वतराजीत हबर्ड ब्रूक नावाचे एक प्रायोगिक वन 1955 सालापासून आहे. तेथे बोर्मन, लाइकेन्स प्रभृती शास्त्रज्ञांनी 1965-66 च्या हिवाळ्यात एका लहान दरीतील सर्व झाडे तोडविली आणि औषध फवारून काही वर्षे नवे काही उगवू दिले नाही. पहिल्याच वर्षी ओढ्याचे पाणी सुमारे 40 टक्क्यांनी वाढले, आणि त्या पाण्यातून नत्राचे क्षार व चुना यांसारखी जमिनीची पोषक द्रव्ये भराभर वाहून जाताना आढळली. झाडे उभी असताना मुळे ही द्रव्ये धरून ठेवतात. झाडे गेली म्हणजे घरातले सोनेनाणे दार उघडे टाकून निघून जावे, तसे ते होते. चोरी डोळ्यांना दिसत नाही, परंतु पुढच्या पिढ्यांना जाणवते.

झीलंडच्या खिंडीत आज जे दिसते ते शंभर-सव्वाशे वर्षांचे अरण्य आहे. हेन्रीने तोडलेल्या स्प्रूससारखा वृक्ष तीनशे वर्षांहून अधिक जगू शकतो. त्या मापाने हे अरण्य अजून बालवयातच आहे. व्हाइटवॉलच्या उतारावर अजून मोठाले पट्टे उघडेच आहेत. तेव्हा नातीला आम्ही एवढेच सांगितले की, बाळ, झाडे परत आली, ती तोडल्यामुळे नव्हे. शेजारी बी उरले होते, पाऊस भरपूर होता, सरकारने पैसा मोजला, आणि त्यानंतर चार पिढ्यांनी हात आवरला, म्हणून ती परत आली. यांतील एक गोष्ट जरी कमी असती, तरी आज आपण येथे फळ्यांच्या पुलावरून तळी पाहत हिंडलो नसतो. तिला हे कितपत पटले ते सांगता येत नाही. पण परत येताना वाटेवरचे एक इवलेसे रोप कोणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून ती आम्हां सर्वांना बाजूने चालावयास लावीत होती.

ज्या वाचकांचे मुलगे-मुली तिकडे आहेत व ज्यांना या वाटेने जाण्याचा योग येईल, त्यांच्यासाठी दोन शब्द. मे-जूनमध्ये काळ्या माश्यांचा फार उपद्रव असतो. सप्टेंबरचा उत्तरार्ध सर्वांत रम्य. हिवाळ्यात मोटारीचा रस्ता बंद असतो. ऊन पाहून लोकरीचे कपडे घरी ठेवू नयेत, कारण हवा घटकेत पालटते. विश्रामगृहात 36 माणसांच्या निजण्याची सोय आहे. परंतु जागा आगाऊ राखून ठेवावी लागते, आणि शाकाहाराची वर्दीही त्याच वेळी द्यावी. स्वयंपाकाचे सामान तरुण मुलेमुली पाठीवर वाहून आणतात. तेव्हा ताटात टाकू नये, आणि आपला कचरा आपणच परत खाली न्यावा, असा तेथला शिरस्ता आहे.

त्या वाटेवरचे पुष्कळसे भूर्ज आता म्हातारे झाले आहेत. भूर्जाचे आयुष्य शंभर वर्षांच्या आतबाहेर असते, आणि वणव्यानंतर प्रथम आलेली ती पिढी ठिकठिकाणी उन्मळून पडत आहे. पण प्रत्येक पडलेल्या खोडाच्या अंगावर, त्याच्या कुजत्या सालीतून, शेवाळाच्या ओलाव्यात, हाताच्या बोटाएवढी स्प्रूसची रोपे उभी आहेत. त्यांची सावली आपल्याला मिळावयाची नाही. ती ज्यांना मिळेल ते अद्याप जन्मास यावयाचे आहेत.